बेळगावचा किल्ला, पायी आणि निवांत: सहकुटुंब एका दिवसाच्या भटकंतीचं मार्गदर्शन

किल्ला म्हटलं की आपल्याला पन्हाळा आठवतो, रायगड आठवतो. निदान दम लागेल एवढा चढ तरी हवाच असतो. बेळगावचा किल्ला यातलं काहीच देत नाही. तो भुईकोट आहे, मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्याच्या पोटातून रोज स्कूटर, रिक्षा, लष्कराच्या गाड्या ये-जा करतात. म्हणून कोल्हापूर-सांगलीकडचे पाहुणे गाडीतूनच एक फेरी मारतात, दुर्गादेवीला हात जोडतात, "एवढंच होय?" म्हणतात आणि कुंदा घ्यायला बाजाराकडे वळतात. आम्ही बेळगावकर तरी काय वेगळं करतो? किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, म्हणजे जुन्या जैन मंदिराचं, छत एकदाही न पाहिलेली माणसं इथं घरोघरी सापडतील.

हा किल्ला गड चढल्यासारखा बघायला गेलात तर हाती काही लागणार नाही. मोठ्या, जुन्या, झाडीच्या आवारात सकाळी फिरायला जावं तसं जा. आत माणसं राहतात, देवळांत पूजा होतात, आश्रमात प्रवचनं होतात, लष्कराची कामं चालू असतात. पायी फिरलात आणि क्रम नीट ठेवलात तर अडीच-तीन तास आरामात जातात. उरलेला दिवस कसा घालवायचा, तेही पुढे सांगतो. चढाईचीच हौस असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे. पण तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

कधी यावं, कसं यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे या दिवसांत सकाळी सातला स्वेटर लागतो आणि दहानंतर तो हातात येतो. एप्रिल-मे महिन्यांत यायचं झालं तर साडेसहाला किल्ल्यात हजर राहा आणि दहाच्या आत बाहेर पडा. पावसाळ्याबद्दल दोन मतं आहेत. माझं मत विचाराल तर तट सर्वांत देखणा दिसतो तो जुलैतच, काळ्या दगडावर हिरवं शेवाळ चढतं तेव्हा. पण आजी-आजोबा बरोबर असतील तर पावसाळा टाळलेला बरा. ते शेवाळ पायाखालीही असतं, आणि इथला पाऊस उघडीप देईलच अशी हमी कोणी देत नाही.

नवरात्रात किल्ल्यातल्या दुर्गादेवीला मोठी गर्दी असते. त्याच दिवसांत शहरात पहाटे दुर्गामाता दौड निघते. भगवे फेटे, पांढरे कपडे, पोरापोरींच्या रांगा. ते एक वेगळंच बेळगाव असतं आणि खास त्यासाठी यायला हरकत नाही. फक्त त्या दिवशी कमल बस्ती निवांत बघायची अपेक्षा ठेवू नका.

कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, खानापूर, कुठूनही बसने आलात तर मध्यवर्ती बसस्थानकावर उतरता. शहर बसचा तळ, म्हणजे ज्याला आम्ही सीबीटी म्हणतो, तोही शेजारीच. तिथून किल्ला चालत गाठता येतो. रेल्वेने आलात तर रिक्षा करा. मीटरच्या भरवशावर राहू नका, बसायच्या आधी भाडं ठरवा. मराठीत विचारलंत तर मराठीत उत्तर मिळेल, कन्नडमध्ये विचारलंत तर कन्नडमध्ये.

बायकांसाठी एक कामाची गोष्ट. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना चालू आहे. राज्यातल्या रहिवासी महिलांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत. वाहक शून्य रकमेचं तिकीट देतो, ते मात्र घ्यावंच लागतं. यासाठी कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. म्हणजे खानापूरची आत्या फुकट येईल आणि तिच्याबरोबरची चंदगडची मावशी पैसे भरेल. यावरून वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसतं.

पहिला टप्पा: खंदक आणि तट

चारचाकी असेल तर ती दाराबाहेर, वाहतुकीला अडथळा होणार नाही अशी लावा आणि इथून पुढे चालायचं असं सगळ्यांना आधीच बजावून ठेवा. प्रवेशापाशी गणपती आणि दुर्गा अशी दोन दैवतं आहेत. दर्शन घेऊन लगेच आत पळू नका. आधी मागे फिरून खंदकाच्या कडेला उभे राहा.

खरा किल्ला इथं कळतो. भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो, त्यामुळे सगळी भिस्त तट आणि खंदकावर. इथली जमीन तांबडी, मऊ मुरमाची. ती खोल आणि रुंद खणून किल्ल्याभोवती कडं केलेलं आहे. खंदकाच्या तळातून तटाच्या माथ्यापर्यंत एकदा नजर फिरवा, म्हणजे बाहेरून बसका वाटणारा तट हल्ला करणाऱ्याला केवढा दिसत असेल याचा अंदाज येईल. १८१८ मध्ये थॉमस मन्रोच्या ब्रिटिश फौजेने वेढा घातला तेव्हा पेशव्यांच्या शिबंदीने हा किल्ला सुमारे तीन आठवडे झुंजवला; एप्रिलमध्ये तो पडला. मुलांना ही गोष्ट खंदकाकडे बोट दाखवून सांगा. आत गेल्यावर सांगितलीत तर कोणी ऐकत नाही.

खंदकात उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. झुडपं वाढलेली असतात, तळ दिसत नाही, आणि पावसानंतर कडेची माती भुसभुशीत होते. तटावरही कुठूनही चढू नका. वाट मळलेली दिसली आणि मनाईचा फलक नसला तरच जा. किल्ल्यातला बराच भाग लष्कराच्या ताब्यात आहे. फलक लावलेल्या ठिकाणी थांबायचं आणि पहारे, फाटकं, लष्करी इमारती यांचे फोटो काढायचे नाहीत. जवान नम्रपणे सांगतात, पण त्यांना सांगायला लावूच नका.

आत शिरायला तिकीट नाही. किल्ला लंबगोल आहे. आतला भाग जवळपास सपाट आणि लांबीला किलोमीटरपेक्षा थोडा कमी आहे. रस्ता डांबरी, दोन्ही बाजूंना मोठी झाडं. गुडघेदुखीवाल्यांनाही जमेल अशी चाल आहे.

दुसरा टप्पा: कमल बस्ती, आणि इथं घाई नको

दिवसभरात एकाच ठिकाणी वेळ काढायचा असेल तर तो इथं काढा.

सौंदत्तीच्या रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज. किल्ल्याची उभारणी आणि ही जैन बस्ती, दोन्हींशी त्याचंच नाव जोडलेलं आहे आणि साल दिलं जातं १२०४. तेव्हा या गावाला वेणुग्राम म्हणत. पुढे रट्टांनी राजधानीही सौंदत्तीहून इथं आणली. म्हणजे बेळगाव हे राजधानीचं गाव होतं, हे आम्ही फारसं कोणाला सांगत नाही. विधानसौधावरून, म्हणजे कर्नाटकाच्या इथल्या विधिमंडळ इमारतीवरून, भांडायचं असलं तर गोष्ट वेगळी.

चपला बाहेर. चामड्याचा पट्टा, चामड्याचं पाकीटही बाहेर कोणाकडे तरी द्या. जैन मंदिराचा हा साधा शिष्टाचार आहे. सकाळी पूजा, अभिषेक चालू असतो, तेव्हा गाभाऱ्यासमोर गर्दी करू नये. मूर्तीला हात लावायचा नाही, फोटो विचारून काढायचे. एक जोड मोजे पिशवीत ठेवा. डिसेंबरात फरशी बर्फासारखी असते आणि एप्रिलात बाहेरचा दगड चटके देतो.

आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही, कारण उन्हातून आलेले असता. दोन मिनिटं खांबापाशी गप्प उभे राहा. डोळे सरावले की खांब दिसू लागतात. चालुक्य घाटणीचे, कातीव, एकावर एक कडी चढवल्यासारखे, आणि काळ्या दगडाला इतकी झिलई की दारातून येणारा उजेड त्यावर उभ्या रेघेसारखा पडतो. एका खांबाकडे बाजूने बघा. कड्यांची धार आठशे वर्षांनंतरही बोथट झालेली नाही.

मग मान वर करा. मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली झुकलेलं आहे, पाकळ्यांच्या थरांवर थर, आणि मधला देठ लोंबता. याच कमळावरून बस्तीला कमल बस्ती म्हणतात. पाकळ्या बहात्तर. जैन परंपरेत होऊन गेलेले चोवीस तीर्थंकर, चालू काळाचे चोवीस आणि पुढे होणारे चोवीस, असे मिळून बहात्तर. मुलं बरोबर असतील तर त्यांना आकडा सांगू नका, मोजायला लावा. मान दुखते, गणित चुकतं, पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तेवढ्यात मोठ्यांना दर्शन घेऊन होतं. बॅटरीचा झोत छतावर मारायचा असेल तर आधी तिथल्या पुजाऱ्यांना विचारा. झोत तिरका पाडलात तर कोरीव काम उठून दिसतं, सरळ मारलात तर सपाट होतं.

गाभाऱ्यात नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे, बाविसावे तीर्थंकर. त्यांचं लांछन, म्हणजे ओळखीचं चिन्ह, शंख. बाहेर पडताना बस्तीला एक प्रदक्षिणा घालून भिंतींची आणि शिखराची घडण बघा. जवळच चिक्क बस्ती म्हणून दुसरं, पडझड झालेलं मंदिर आहे. लोक तिकडे न बघताच पुढे जातात. तिच्या दर्शनी भागावरची शिल्पं उन्हात चांगली दिसतात, आणि पूजा नसल्याने तिथं हवा तितका वेळ उभं राहता येतं. बेळगावच्या रट्टकालीन लेखांपैकी दोन शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्याला त्यात गती आहे त्याने त्या तिकडे जाऊन बघाव्यात. आपण इथं उरलंय ते बघू.

तिसरा टप्पा: साफा मशीद आणि आश्रम

पंधराव्या शतकात बहमनींचा वजीर महमूद गवान याने बेळगाव घेतलं, पुढे ते विजापूरच्या आदिलशाहीकडे गेलं. आदिलशाही सरदार असदखान लारी याने १५१९ मध्ये किल्ल्यात साफा मशीद बांधली. हिच्या दोन खांबांवर लेख आहेत: एक ११९९ चा, त्याच रट्ट कार्तवीर्याचा, दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव राजा कृष्णाचा. भाषा कन्नड आणि लिपी नागरी. एक मराठी माणूस आणि एक कन्नड माणूस शेजारी शेजारी उभे राहिले तर दोघं मिळून कदाचित वाचतील. जुन्या इमारतीचे खांब नव्या इमारतीत लावायची पद्धत दख्खनभर होती, त्यामुळे कमल बस्ती पाहून लगेच इथं आलात तर तो काळ सलग लागतो. म्हणूनच हा क्रम सांगितला. नमाजाची वेळ आणि आसपासचा पहारा बघून, विचारूनच आत जा. नाही म्हटलं तर बाहेरून मिनार आणि कमानी पाहून पुढे निघा.

शेवटी रामकृष्ण मिशनचा आश्रम. ऑक्टोबर १८९२ मध्ये परिव्राजक म्हणून फिरत असताना स्वामी विवेकानंद बेळगावला आले होते. आधी ते गावातल्या रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे उतरले आणि मग किल्ल्यात वन अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहायला आले. शिकागोची परिषद व्हायला तेव्हा अजून वर्ष होतं. त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. ते घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. मंदिराचा मोठा मंडप, बाग, स्वच्छता, पिण्याचं पाणी, बसायला सावली: वयस्कर माणसांना अर्धा तास टेकायला किल्ल्यात याहून चांगली जागा नाही. दुपारी मंदिर बंद असतं, म्हणून सकाळच्या फेरीतच उरकून घ्या. मुलांना मात्र इथं दंगा करू देऊ नका. त्यासाठी संध्याकाळी तलाव आहे.

मधली सुट्टी

साडेनऊ-दहाला सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागतात. किल्ल्यात खाण्याची सोय धरून चालू नका, पाणी आणि मुलांसाठी काहीतरी कोरडं जवळ ठेवा. पोटभर खायला कॅम्पात नाहीतर गावात जा. इडली-वडा, उप्पीट, शिरा, मसाला डोसा हे कुठल्याही खानावळीत चांगलं मिळतं. बेळगावात वाईट डोसा मिळायला नशीबच लागतं. मटण-भाकरी हवी असेल तर ती दुपारसाठी ठेवा आणि तिखट बेतानं सांगा. सांबार गोड लागलं तर तक्रार करू नका.

बाजारात जायचं असेल तर खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली हा भाग पायीच करा. गाडी आत घातलीत तर बाहेर काढताना दिवस जाईल.

दुपार: काँग्रेस विहीर आणि वीरसौध

उन्हाच्या वेळी टिळकवाडीत या. रेल्वे रुळाला धरून जाणारा काँग्रेस रोड आणि त्यावरची पहिलं, दुसरं, तिसरं रेल्वे गेट ही खूण कोणत्याही रिक्षावाल्याला पुरते. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी इथं काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष होते, आणि आयुष्यात ते काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हेच. सगळी उभारणी गंगाधरराव देशपांड्यांच्या नेतृत्वाखाली झाली. जमलेल्या हजारो लोकांना पाणी पुरावं म्हणून विहीर खणली, ती आजही आहे. वीरसौधात, म्हणजे या अधिवेशनाच्या स्मारकात, त्या काळातली छायाचित्रं मांडलेली आहेत. तासाभरात बघून होतं. मुलं कंटाळली तर त्यांना विहिरीच्या काठाशी नेऊन पाण्याची सोय कशी केली असेल ते विचारा. छायाचित्रांतल्या टोप्यांपेक्षा त्यांना त्यात जास्त रस वाटतो.

चार वाजता: वॅक्सिन डेपो

टिळकवाडीतच वॅक्सिन डेपोचं आवार आहे. मुंबई इलाख्याच्या काळात इथं देवीची लस तयार होई. वासरांच्या कातडीवर ती वाढवली जायची आणि मग इलाखाभर पाठवली जायची. १९८० मध्ये देवी रोगाचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आवार मात्र मोठमोठ्या झाडांसह राहिलं. सकाळ-संध्याकाळ फिरणारी माणसं, क्रिकेटचे आठ-दहा डाव एकमेकांत गुंतलेले, आणि वर झाडांत पक्षी. मराठी भाषकांचे मेळावे याच मैदानावर भरत आल्याने ही जागा सीमाभागातल्या जुन्या माणसांच्या ओळखीची आहे. इथं बघायचं म्हणून काही नाही. सतरंजी टाकायची, चहाचा थर्मास उघडायचा, मुलांना मोकळं सोडायचं. चेंडू कुठल्या डावातला आहे ते त्यांचं त्यांना कळतं. खाल्लेल्या पाकिटांचा कचरा पिशवीत भरून परत न्या, कारण रात्री गाई तेच खातात. अंधार पडायच्या आत निघा.

संध्याकाळ: किल्ला तलाव

पुन्हा किल्ल्याकडे या, पण आत नाही. रस्त्यापलीकडे अशोक चौकाजवळच्या तलावावर. तलावाभोवती फिरायची वाट आहे, बाग आहे, बसायला बाक आहेत. काठावरचा ध्वजस्तंभ ११० मीटर उंच आहे, २०१८ मध्ये उभारलेला. वारं असेल तेव्हा ध्वजाचा फडफडाट खालून ऐकू येतो. जोराच्या वाऱ्यापावसात ध्वज उतरवलेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात खास तेवढ्यासाठी येऊ नका.

वाटेवरून उलट्या दिशेने चालू नका, रोजचे फिरणारे काका लोक रागाने बघतात. बोटिंग चालू असेल तर लहान मुलांना सुरक्षा जाकीट घातल्याशिवाय बसवू नका आणि पट्टा तुम्ही स्वतः आवळून बघा. फाटकापाशी आणि गाड्यांवर सुट्टे पैसे लागतात. पाणीपुरी, भेळ, भाजलेलं कणीस, मिरची भजी यांच्या गाड्या बाहेर लागतात. डास मात्र तिन्हीसांजेला ठरल्या वेळी हजर असतात; पूर्ण बाह्यांचे कपडे हाच इलाज. शनिवार-रविवारी इथं पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार-बुधवार जमवता आला तर बघा.

मुलं फारच लहान असतील, दगड आणि इतिहास त्यांच्या पचनी पडणार नसेल, तर वीरसौध गाळा आणि त्या वेळात पुणे-बेंगळुरू महामार्गावर काकतीच्या पुढे भुतरामहट्टीला राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालय आहे, तिथं न्या. त्यासाठी स्वतःची गाडी हवी. बसने नादी लागलात तर संध्याकाळचा तलाव हुकतो.

परतताना

कुंदा घ्यायचा तर परतीच्या तोंडावर घ्या आणि आधी चव बघा. दुकानदार द्रोणात चमचाभर देतात, त्यात संकोच करू नका. रंग गडद आणि रवाळ असेल तो जास्त आटवलेला. खव्याचा पदार्थ आहे. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईपर्यंतचा प्रवास असेल तर बेताचाच घ्या आणि घरी पोचताच फ्रीजमध्ये टाका. लांब जायचं असेल तर मांडे बरे. ते कोरडे, टिकाऊ, पण नाजूक. बॅगेत सगळ्यांत वर, आणि बसमध्ये मांडीवर. कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी रात्रीच्या शेवटच्या बसवर विसंबू नये, सात-साडेसातची धरावी. खानापूर, चंदगडकडच्या बस तर त्याहून लवकर कमी होतात, म्हणून सकाळी उतरल्या उतरल्याच चौकशी खिडकीवर परतीच्या वेळा विचारून घ्या. फलक कन्नडमध्ये असतो.